दीड बेडरूमचं घर

१२ जानेवारी १९९७, रविवार

नेरूळचा फ्लॅट बघून आलो. दोन बेडरूम! खऱ्या, विटांच्या भिंतींच्या, दाराला आतून कडी लागणाऱ्या. मी दोन्ही खोल्यांत जाऊन दारं लावून बघितली. बिल्डरचा माणूस हसत होता. हसू दे. आमची क्षिप्रा यंदा दहावीला जाईल आणि अजून हॉलमधल्या दिवाणावर, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करते.

बेत असा आहे की सानपाड्याचं हे घर विकायचं, वर थोडं कर्ज काढायचं आणि नेरूळला जायचं. गिऱ्हाईकही आलंय. हिरामण आवटे म्हणून आहेत, एपीएमसीत कांद्याचा गाळा आहे त्यांचा. घर बघून म्हणाले, “दोन बेडरूमचा भाव देतो. फक्त बँकेनं तसं मान्य केलं पायजे.”

कागदावर आमचं घर एका बेडरूमचंच आहे. दुसरी आम्ही केली. प्रसादची मोठी बहीण, गोजराताई, सासरी नांदवलं नाही म्हणून सात वर्षांपूर्वी कायमच्या आमच्याकडे आल्या. तेव्हा हॉलचा एक कोपरा प्लायवूडनं बंद करून त्यांना खोली करून दिली. दार आहे, कॉट मावते, एक फळी आहे. आजकाल एवढं कोण करतं?

परत येताना प्रसादनी विचारलं, नेरूळला एक खोली आपली, एक क्षिप्राची, मग अक्काचं काय? मी म्हटलं, हॉल केवढा मोठा आहे. पडदा लावला की झालं. ताईंचं कधी काही म्हणणं नसतं.

घर होईपर्यंत अधूनमधून इथं लिहायचं ठरवलंय. पुढे वाचायला मजा येईल.

२० जानेवारी, सोमवार

घरपट्टीसाठी पालिकेचा माणूस येऊन गेला. आम्ही दोघंही ऑफिसात, क्षिप्रा शाळेत. ताईंनी त्याला चहा दिला आणि उत्साहानं सगळं घर दाखवलं. “ही प्रसादची खोली, आन् ही माझी.” त्यानं लिहून घेतलं.

“दाखवायची काय गरज होती, ताई?”

“इचारलं त्यानं, खोल्या किती. मी सांगितल्या.”

संध्याकाळभर खुशीत होत्या. पोळ्या लाटताना काहीतरी गुणगुणत होत्या. बाहेरचं माणूस घरी आलं, चहा प्यालं, त्याचा आनंद असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

नोटीस आली. आमचं घर ‘दोन बेडरूम’ धरलंय आणि पट्टी चांगलीच वाढली आहे. प्रसादनी समजावून सांगितलं, की हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, त्या अंदाजावर घरपट्टी बसते. खोली वाढली की अंदाज वाढला, अंदाज वाढला की पट्टी वाढली. आपण हरकत घेऊ, म्हणाले. ती बेडरूम नाही, सामान ठेवायची जागा आहे असं लिहून देऊ.

“पण हिरामणच्या बँकेला तर दोन बेडरूम सांगायच्यात ना?”

“पालिका वेगळी, बँक वेगळी. ते काय एकमेकांना विचारायला जातायत?”

आम्ही दोघं हसलो. खूप दिवसांनी असे हसलो. क्षिप्रा क्लासला गेली होती, ताई जेवण उरकून खोलीत जाऊन पडल्या होत्या. घरात दोघंच असल्यासारखं वाटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फार मनस्ताप झाला.

हरकतीवरून पालिकेचा माणूस परत बघायला येणार होता. मी रजा टाकली. सकाळीच ताईंची कॉट घडी करून बेडरूममध्ये उभी केली, गादी माळ्यावर टाकली. खोलीत तांदळाची कोठी, सुटकेसी, क्षिप्राची जुनी सायकल असं सगळं भरलं. ताईंनीच हात लावला. मग म्हटलं, “तुम्ही आज जरा बाहेर जाऊन या.”

“कुटं?”

“वाशीला जा. दुकानं बघा, एखादी साडी बघा. संध्याकाळी आलात तरी चालेल.”

पिशवी घेऊन गेल्या बिचाऱ्या. अकराला येणारा माणूस आला पाचला. तोच, मागच्या खेपेचा. खोलीत डोकावला, कागदावर काही लिहायला लागला आणि नेमक्या तेव्हाच ताई दारात.

“मावशी,” तो म्हणाला, “मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ही तुमची खोली.”

मी ताईंकडे बघत होते. डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होते. ताईंनी आत पाहिलं. सायकलकडे जरा वेळ बघत राहिल्या.

“व्हय. माझीच हाय. आज सामान ठेवलंय.”

त्यानं लिहिलेलं खोडलं आणि नमस्कार करून गेला. त्याचा तरी काय दोष.

तो गेल्यावर मी ताईंना खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, चपला जागेवर ठेवल्या आणि सायकल बाहेर ओढायला लागल्या. क्षिप्रा क्लासहून आली ती दप्तर टाकून त्यांच्याबरोबर लागली. दोघींनी मिळून कॉट परत मांडली. पोरगी माझ्याशी अजून बोललेली नाही. जिच्या खोलीसाठी मी हे सगळं करतेय, ती.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रसादना म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्ही बोला.

“काय बोलू? तिनं खरं तेच सांगितलं.”

वर म्हणाले, “कोरेगावच्या जमिनीवर अक्कानं सही दिली नसती तर हे घर तरी झालं असतं का?”

आता हे मध्येच कुठून आलं? मामंजी गेल्यावर जमीन विकली, ताईंनी आपला हिस्सा सोडल्याची सही केली आणि त्या पैशांत हे घर आलं, हे खरं. पण सही त्यांनी आपणहून केली. तेव्हा त्यांचं सासर शाबूत होतं, त्यांना गरज नव्हती. पुढे गरज पडली तेव्हा त्यांना घरात कोणी घेतलं? मीच ना. सात वर्षांत मी कधी वेगळं राहायचं म्हटलं नाही.

हे मी त्यांना टेबलावर स्पष्ट सांगितलं. “सात वर्षं ठेवलंय मी. कोण ठेवतं?” प्रसाद म्हणाले, हळू बोल. मी म्हटलं, झोपल्यात त्या. त्या एकदा पडल्या की पडल्या.

८ मार्च, शनिवार

हिरामणच्या बँकेनं घराची किंमत ठरवायला नेमलेले व्हॅल्युअर आले. हारुन मुकरी, मूळचे उरणकडचे. माणूस सभ्य. चपला बाहेर काढून आला, टेप काढून भिंत न् भिंत मोजली. मग नकाशा पसरला.

“वहिनी, मंजूर नकाशात इथं हॉलच आहे.”

आज खोली झकास लावली होती. कॉटवर नवी चादर, फळीवर ताईंचा देव, कोपऱ्यात टेबलफॅन. प्रसाद म्हणाले, “बहीण राहते माझी इथं. आणि हे बघा, पालिकेनंसुद्धा दोन बेडरूम धरल्यात.” असं म्हणून त्यांनी तीच नोटीस पुढे केली, जिच्यावर आम्ही हरकत घेतली होती! मी उगाचच पडदा सारखा करायला उठले.

हारुनभाईंनी नोटीस वाचून परत दिली. “पालिका बघते घर आज कसं वापरात आहे. बँक बघते उद्या विकायला काढलं तर काय मिळेल. नवा मालक हे प्लाय काढून टाकेल, मग खोली राहिली कुठं? आणि दुसरं, या खोलीला बाहेरची हवा नाही. मी हिला बेडरूम म्हणू शकत नाही. स्टोअर लिहावं लागेल.”

ताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांना बघून हारुनभाई उठले, कप हातात घेतला आणि विचारलं, “ताई, इथं तुम्ही झोपता?”

“व्हय.”

“उन्हाळ्यात?”

“दार थोडं उघडं ठेवते. फॅन हाय.”

“झोप लागते?”

ताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. “उशिरा लागती,” म्हणाल्या.

“माफ करा. कागदावर स्टोअरच लिहिणार मी.”

“लिहा की. हवा न्हाई हे खरंच हाय.”

हारुनभाई म्हणाले, “आमच्या गावच्या घरात अकरा माणसं झोपायची, बेडरूम एकही नव्हती. कुठल्या व्हॅल्युअरला बोलावलं असतं तर शून्य लिहून गेला असता.” ताई चक्क मोठ्यानं हसल्या. मीही हसले. मग ते गेले आणि माझ्या लक्षात आलं की आमचा भाव गेला. पालिकेला सांगितलं तेही ताईंनी आणि बँकेला सांगितलं तेही त्यांनीच. आमच्या फायद्याचं एकदाही नाही.

झोप उशिरा लागते म्हणाल्या ते मात्र मला नवीन आहे.

१६ मार्च, रविवार

हिरामण स्वतः आले, येताना अर्धं पोतं कांदे घेऊन. खुर्चीत अवघडून बसले. “वहिनी, बँक एकाच बेडरूमचं कर्ज देतेय. वरचे मी कुठून आणू? आई हाय, दोन पोरं हायत. मला खरंच दोन खोल्या पायजे होत्या.” एक बेडरूमच्या भावाला घेतो म्हणाले. राग येण्यासारखं काही बोलले नाहीत, म्हणून जास्तच राग आला.

बिल्डरकडे जाऊन आलो. आमच्या बजेटात त्याच बिल्डिंगमध्ये मागच्या बाजूचा लहान फ्लॅट बसतो. बेडरूम दोनच, पण हॉल एवढासा. पडदा लावला तर जेवायचं टेबल बाहेर काढावं लागेल.

जेवणानंतर मी प्रसादना म्हटलं, “ताईंना कोरेगावला बरं नाही का वाटणार? चुलतभावाचं घर आहे, अंगण आहे, आपली माणसं आहेत. आपण महिन्याला काही पाठवत जाऊ.”

प्रसाद नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो.

आतून ताईंच्या खोकल्याचा आवाज आला. त्यांना औषध आणायला हवं.

३० मार्च, रविवार

कसं सांगावं याचा विचार करत होते, तर ताईच म्हणाल्या, “मी पंधरा दिस कोरेगावला जाऊन येते. लगीन हाय भावकीत.” मला हलकंच वाटलं. तिथं रमल्या तर आपोआप प्रश्न सुटेल, कुणाला कुणाचं मन दुखवायला नको. नवी साडी घेतली त्यांना, मोरपंखी. नको नको म्हणत होत्या.

१० एप्रिल, गुरुवार

ताई गेल्या त्याला आठवडा झाला. डबे, दळण, गिरणी, दूधवाला, सोसायटीचं पाणी सकाळी किती वाजता सोडतात, या सगळ्याकडे बघावं लागतंय. ऑफिसला दोनदा उशीर झाला. क्षिप्राची परीक्षा सुरू आहे. अंगात कणकण वाटते.

१७ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस ताप. आज जरा बसता येतंय म्हणून लिहितेय.

मंगळवारी दुपारी बेडरूमचा पंखा बंद पडला. म्हणून ताईंच्या खोलीत टेबलफॅन लावून त्यांच्या कॉटवर पडले. दार लावून घेतलं आणि थोड्या वेळात जीव घाबरला. हवा फिरते, पण तीच ती. घामानं उशी भिजली. उठावंसं वाटत होतं, पण अंगात ताकद नव्हती.

क्षिप्रा शेवटचा पेपर देऊन आली. प्रसाद माझ्यासाठी घरी थांबले होते. दोघं टेबलावर जेवायला बसले. मी झोपलेय असं समजून हळू बोलत होते. मला भाजीत चमचा फिरलेला ऐकू येत होता.

क्षिप्रानं विचारलं, “बाबा, आत्या परत येणार ना? की तुम्ही तिला तिथंच ठेवणार?”

“कोण म्हणालं तुला?”

“आत्यानंच सांगितलं जाताना. म्हणाली, नवीन घरात जागा न्हाई, पण तू आईला काही बोलू नको.”

ताट सरकवल्याचा आवाज आला. मग प्रसाद अगदी हळू म्हणाले, “मला नाही म्हणायला हवं होतं.” तेही मला ऐकू आलं. श्वास सोडलेलासुद्धा ऐकू आला.

त्या टेबलावर बसून सात वर्षांत मी काय काय बोलले ते आठवत पडून राहिले. फार आठवावं लागलं नाही.

२० एप्रिल, रविवार

ताई आल्या. लग्नातले लाडू, शेंगा, कोरेगावचा घेवडा असं काय काय आणलंय. माझं तोंड बघून आधी स्वयंपाकघरात जाऊन पेज टाकली.

पेज खाता खाता मी म्हटलं, “ताई, नेरूळचं रद्द करतोय. इथंच राहू. तुम्ही बेडरूममध्ये क्षिप्राबरोबर झोपा. आम्ही दोघं हॉलमध्ये.” हे मी आणि प्रसादनी काल ठरवलं. सांगताना मला जरा बरंही वाटत होतं.

ताई म्हणाल्या, “मी वाशीला चाललेय, सुचित्रा.”

मला वाटलं बाजारहाट करायला.

“तितं नोकरी करणाऱ्या पोरींचं वसतिगृह हाय. सैपाकघर बघायला बाई पायजे होती. राहायला खोली देत्यात. तू मला त्या दिशी भायेर पाठवलंस न्हवं, तवा पाटी बगितली. आत जाऊन बोलले. आता बोलावलंय त्येंनी, एक तारखेपासनं.”

म्हणजे फेब्रुवारीपासून. त्या दिवशी पालिकेच्या माणसापुढे दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्या तिथूनच आल्या होत्या.

प्रसाद म्हणाले, “अक्का, तुला कामाला जायची काय गरज आहे? लोक काय म्हणतील?”

“काम तर हितंबी करतेच की.”

मी विचारलं, “ताई, आमचं काही चुकलं का?”

माझ्या हातातला रिकामा वाडगा घेत त्या म्हणाल्या, “न्हाई गं. सात वर्सं ठेवलंस. कोन ठेवतं?”

अगदी सरळ म्हणाल्या. टोमणा नव्हता. ते वाक्य माझं होतं.

४ मे, रविवार

सगळे मिळून ताईंना पोचवून आलो. गुरुवारीच जायचं होतं त्यांना, माझ्या अशक्तपणासाठी थांबल्या.

खोली लहान आहे, आमच्याकडच्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. खिडकीतून मागच्या इमारतीचे पाइप दिसतात. ताईंनी आत गेल्या गेल्या खिडकी उघडली, परत लावली, परत उघडली. क्षिप्रानं देव मांडून दिले. प्रसादनी पंख्याचं बटण चालतंय का बघितलं, दिव्याचं बघितलं, मग काही काम न राहिल्यावर दाराशी उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

दोन मुली डोकावून गेल्या. “मावशी, आज जेवायला काय?” ताई पदर खोचून उठल्याच. आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही निघा आता, ऊन व्हईल.”

८ जून, रविवार

नेरूळचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. हिरामणना तुर्भ्याला मिळालं घर. आमचं जिथल्या तिथं आहे.

क्षिप्राला म्हटलं, आत्याच्या खोलीत तू अभ्यासाला बस. दोन दिवस बसली, मग म्हणाली, गुदमरतं. दिवाणावरच बसते. टीव्ही आम्हीच लावत नाही आता. हे पूर्वीही करता आलं असतं.

प्रसाद सकाळी पालिकेसाठी अर्ज लिहायला बसले. खोली आता खरंच रिकामी आहे, प्लाय काढून टाकू, एक बेडरूम धरा म्हणू, पट्टी कमी होईल. मुद्दा बरोबर आहे.

मी म्हटलं, “सणावाराला ताई राहायला आल्या तर?”

“त्या खोलीत झोपवणार तू तिला?”

“नाही, बेडरूममध्ये. आपण झोपू त्या खोलीत. पण खोली तर हवी ना.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मग दोन बेडरूमची भरू,” म्हणाले.

२२ जून, रविवार

ताई पहिल्यांदाच जेवायला आल्या. मी पुरणपोळी केली. दोन फाटल्या, पण केल्या. त्या स्वयंपाकघरात यायला लागल्या तर क्षिप्रानं हात धरून खुर्चीत बसवलं. पाहुण्यासारख्या बसल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं आणि मलाही.

मोरपंखी साडी नेसल्या होत्या. जरा भरल्यासारख्या वाटल्या. वसतिगृहातल्या मुलींच्या गोष्टी सांगत होत्या. एकीला रात्रपाळी असते, तिचं ताट झाकून ठेवावं लागतं. एक नागपूरची आहे, तिला तिखट पुरत नाही. ताई एवढं बोलतात हे मला माहीत नव्हतं. प्रसाद ऐकत होते, मध्येच लहानपणीचं काहीतरी आठवून दोघं हसले. जेवणं बारापासून दोनपर्यंत चालली.

दुपारी त्यांना बेडरूममध्ये पडायला लावलं. दार ओढून घेतलं आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलत राहिलो.

चहा झाल्यावर म्हटलं, “आजची रात्र राहा ना, ताई. उद्या सकाळी हे सोडतील.”

“नको गं. पोरींचा नाश्ता असतो.” पिशवी उचलली. मी पुरणपोळ्यांचा डबा दिला, त्यात मोजक्या दोनच ठेवून बाकीच्या त्यांनी परत काढून ठेवल्या. क्षिप्रा चप्पल घालून खाली सोडायला निघाली. जिन्याच्या तोंडाशी ताई वळल्या.

“काळजी करू नका. घरी पोचले की फोन करते.”

घरी म्हणाल्या. तोंडून गेलं असेल, कुणाच्याही जातं. मी दारात उभी राहिले, त्या खाली पोचून रस्त्याला लागेपर्यंत.

साडेसहाला फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला.

“पोचले गं,” त्या म्हणाल्या. मागे मुलींचा गलका चालला होता. कुणीतरी त्यांना हाका मारत होतं.